पुढे मी होते

दर शनिवारी सकाळी साडेनऊला मी तेच भाषण देते. सव्वीस वर्षं झाली. हॅचेट हिलच्या पायथ्याशी पोरं बर्फात अर्धगोल करून बसलेली असतात, सगळ्यांची नाकं गळत असतात, एकाला तरी शूला जायचं असतं, आणि मी, पॉलेट बुशी, वय एक्कावन्न, डावा गुडघा कामातून गेलेला, त्यांना सांगते की स्नोबोर्डवर उभं राहण्याआधी नीट पडायला शिका. मुठी मिटून पडा. मोडलेली मनगटं बदलून द्यायला माझ्याकडे जादा माल नाही.

मग पाय. डावा पाय पुढे ठेवून घसरणारे ते सरळ, उजवा पुढे ठेवणारे ते गूफी. गूफी म्हणजे खुळे नव्हेत, नुसते उलटे. ते ठरवायचं कसं, तर मी मागून हळूच धक्का देते आणि तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा पाय. दरवर्षी एखादा बाप येऊन सांगतो की आमच्या घरात सगळे सरळ आहेत. मी म्हणते, साहेब, तुम्ही जरा कॉफी घेऊन या.

मग तऱ्हा. काही माणसांना कड लागते. बोर्ड इतका कलवतात की हात बर्फाला टेकतो, आणि मागे एकच बारीक रेघ उरते, सुरीने ओढल्यासारखी. काहींना झाडी लागते. रात्री नवा बर्फ पडला की सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच रांगेत उभे, मग वजन मागच्या पायावर टाकून गुडघाभर भुसभुशीत बर्फातून झाडांच्या मधून सुसाट. अशांना आम्ही शोधत नाही, भूक लागली की येतात. आणि काहींना पार्क लागतं. लोखंडी पाइप, पेट्या, उड्या मारायचे चढ. घरी जिन्याच्या कठड्यावरून घसरलात तर आई ओरडते ना, मी पोरांना सांगते, इथे त्याची शिकवणी लावून देते.

एवढं सगळं मी झोपेतही बोलू शकेन. पण भाषणाचं शेवटचं वाक्य गेलं वर्षभर माझ्या तोंडून सहज निघत नव्हतं. मोठ्या उडीवर पहिल्यांदा जाल तेव्हा शिकवणाऱ्याच्या मागे जायचं, त्याची पाठ बघायची, तो करेल तेच करायचं, आणि वेगाची काळजी त्याच्यावर सोडायची.

हा आमच्यातला जुना रिवाज. उडी म्हणजे काय असते, आधी एक चढ, मग तुम्ही हवेत, तुमच्या खाली सपाट टेबल, आणि टेबल संपलं की उतार. उतारावर उतरलात तर काही जाणवतही नाही. टेबलावर पडलात तर फरशीवर पडलात. सगळा खेळ वेगाचा. नवख्याला वेग कळत नाही, त्याला फक्त भीती कळते, आणि भ्यायलेला माणूस ऐनवेळी बोर्ड आडवा करून ब्रेक मारतो. म्हणून पुढे जाणकार. मागच्याने डोकं घरी ठेवायचं, पुढच्याच्या पाठीवर विश्वास टाकायचा. त्या उडीत काही चुकलं तर जबाबदार पुढचा.

माझी भाची जॉस, माझ्या धाकट्या बहिणीची, नॅडीनची मुलगी. पूर्ण नाव जोसलिन, पण त्या नावाने हाक मारली की वळायची नाही. ती पहिल्यापासून पार्कची. आठव्या वर्षी बोर्डच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, वजन टाकून शेपूट हवेत फिरवायला शिकली. पावावर सुरी फिरवावी तसं दिसतं म्हणून आम्ही त्याला लोणी लावणं म्हणतो. ती अख्ख्या डोंगराला लोणी लावत खाली यायची. अकराव्या वर्षी पाइपवर सरळ, मग आडवी. तेराव्या वर्षी अर्धी गिरकी, म्हणजे उलट्या पायावर उतरायचं आणि तसंच चालू ठेवायचं. सोळाव्या वर्षी छोट्या उडीवर पूर्ण गिरकी, आणि हवेत मागच्या हाताने दोन पायांच्या मध्ये बोर्डची पुढची कड पकडणं. पकड दोन क्षण टिकली पाहिजे. नुसता हात लावून सोडला तर मी सगळ्यांसमोर विचारायची, "काय गं, बोर्डला चटका बसतो का?"

गेल्या फेब्रुवारीत ती सतरा वर्षांची होती आणि मोठ्या उडीला तयार होती. हे मी मावशी म्हणून सांगत नाही. मावशी म्हणून मी तिला आणखी दोन वर्षं थांबवलं असतं.

त्या उडीच्या आदल्या दिवशी बर्फ वितळला होता आणि रात्रीत पुन्हा गोठला होता, त्यामुळे वाट कडक आणि वेगवान होती. सकाळी मी एकटीने तीनदा उडी मारून वेग मोजला. वाटेच्या कडेला खुणेसाठी बांबू रोवलेले असतात, त्यातल्या तिसऱ्यापासून निघायचं, मध्ये ब्रेक नाही, की बरोबर उताराच्या मधोमध उतरतो. तीनदा तेच. मी जॉसला सांगितलं, "तिसरा बांबू. ब्रेक नाही. साधी उडी, एक पकड, आगाऊपणा नाही. माझी पाठ बघ."

"तुझी पाठ फार रुंद आहे मावशी, दुसरं काही दिसणारच नाही."

"म्हणूनच तर मला पुढे ठेवतात."

हसत हसतच आम्ही निघालो. दोघींमध्ये चार बोर्डांचं अंतर. अर्ध्या वाटेवर मला वाटलं की आपण फार वेगात आहोत. नव्हतो. तोच बांबू, तीच वाट, मी तीनदा मोजलेली. पण माझ्या गुडघ्यात एक कळ आली, आणि इतकी वर्षं जे मी पोरांना करू नका म्हणून सांगत आले ते मी केलं. बोर्ड आडवा केला. अर्धा श्वास, जास्त नाही. बर्फावर खर्र असा आवाज झाला.

चूक त्याच क्षणी कळली. चढाच्या टोकावरून मी शेपटावर जोर देऊन होती नव्हती ती ताकद लावून उसळी मारली आणि टेबलाची कड जेमतेम ओलांडली. मी वजनदार आहे, आणि तीस वर्षांची सवय आहे. पण हवेत असताना मला मागून अगदी तसाच खर्र आवाज ऐकू आला. मी सांगितलं होतं, मी करेन तेच कर. तिने केलं.

ती टेबलावर पडली. उजव्या घोट्याचं हाड दोन जागी मोडलं. पुढे त्यात एक पट्टी आणि सात स्क्रू घालावे लागले.

बचाव पथकाचा विन्स्लो घसरगाडी घेऊन आला. तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "काय झालं गं नेमकं?"

जॉसचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "मी ब्रेक मारला. घाबरले मी."

विन्स्लोने माझ्याकडे पाहिलं. "पॉलेट, तुझा वेग बरोबर होता ना?"

"मी तर पोचले पलीकडे," मी म्हणाले.

शब्दाने खोटं नव्हतं ते. त्याने मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. जॉसने माझा हात धरला, रडत रडत म्हणाली, "सॉरी मावशी. तू सांगितलं होतंस ब्रेक नाही म्हणून."

आणि मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाले, "असू दे गं. होतं असं."

मी तिला माफ केलं. माझ्या चुकीबद्दल. ह्याची लाज मला अजून वाटते, आणि ती त्या ब्रेकच्या लाजेपेक्षा कितीतरी मोठी आहे. ब्रेक अंगाने मारला होता. हे मी शुद्धीवर असताना केलं.

त्या दिवशी सांगेन म्हटलं, तर तिचं ऑपरेशन होतं. आठवड्याने सांगेन म्हटलं, तर नॅडीन माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बरं झालं तू होतीस तिच्याजवळ." नॅडीन पायथ्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक बघते. वर्षभर तिने मला राजम्याच्या वाडग्यावर इतरांपेक्षा दुप्पट चीज घालून वाढलं, आणि मी ते खाल्लं. मूग गिळून बसणं म्हणतात, मी चीज गिळून बसले. एकदा दिवस गेले की सांगणं अवघड होतं. आधी एकच गोष्ट सांगायची असते, नंतर ती का सांगितली नाही हेही सांगावं लागतं.

जॉस डिसेंबरात पुन्हा बर्फावर आली. घोटा जुळला होता. डॉक्टर म्हणाला, काहीही कर. पण ती पार्कच्या बाजूला फिरकेना. लहान पोरांच्या उतारावर वर-खाली करायची, तेही इतकं जपून की मला बघवेना. कँटीनच्या फळ्यावर तिने तिचा पार्कचा बोर्ड विकायचा असल्याची चिठ्ठी लावली. मी विचारलं तर म्हणाली, "मला काय करायचाय तो? ऐनवेळी कच खाणारी बाई मी. लवकर कळलं ते बरं झालं." अगदी शांतपणे म्हणाली. आपल्या केसांचा रंग सांगावा तसं.

पश्चिमेकडच्या एका उन्हाळी शिबिरात तिला शिकाऊ म्हणून बोलावणं होतं. अपघाताआधीपासूनचं. त्यांनी ते वर्षभर राखून ठेवलं होतं आणि आता सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. ती नाही म्हणणार होती. हे मला शुक्रवारी नॅडीनने सांगितलं. "तूच काहीतरी बोल तिच्याशी," ती म्हणाली, "तुझं ऐकते ती."

तर तो शनिवार. जानेवारीतला, उणे अठरा, हवा स्वच्छ. माझ्याकडे दहा-अकरा वर्षांची आठ पोरं होती, बऱ्यापैकी येणारी, त्या दिवशी मधल्या उडीवर न्यायची होती. जॉस माझ्या मदतीला होती. मी घसा धरल्याचं सोंग केलं आणि तिला म्हणाले, "आज भाषण तू दे." ते शेवटचं वाक्य टाळायला. दुसरं काही कारण नव्हतं.

तिने छान सांगितलं. सरळ आणि गूफी, कड आणि झाडी आणि पार्क. माझ्या विनोदांपैकी दोन चोरले आणि ते तिच्या तोंडी जास्त शोभले. मग ती त्या वाक्यावर आली.

"उडीवर पुढच्याच्या मागे जायचं. त्याची पाठ बघायची. वेगाला आपण हात लावायचा नाही." ती थांबली. "का ते सांगते. गेल्या वर्षी माझ्या पुढे ही होती, माझी मावशी. हिने सगळं बरोबर केलं होतं. मी हिच्यावर विश्वास ठेवला नाही. घाबरले आणि ब्रेक मारला." तिने वाकून बुटावरून घोट्यावर टिचकी मारली. "सात स्क्रू. माझ्यासारखं करू नका."

मेबल नावाची पुढचे दोन दात पडलेली पोर होती, ती म्हणाली, "दुखलं का खूप?"

"दुखलं. पण त्याहून वाईट वाटलं ते हिचं ऐकलं नाही ह्याचं."

आठ पोरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मला तिथल्या तिथे बर्फात गाडून घ्यावंसं वाटलं. स्वतःपुरतं खोटं मी वर्षभर वागवलं होतं. आता ते पोरांच्या शिकवणीत गेलं होतं, तेही तिच्याच तोंडून.

पोरं दोन-दोन करून खुर्चीच्या लिफ्टवर चढली. शेवटच्या खुर्चीत जॉस आणि मी. वर पोचायला सात मिनिटं लागतात, आणि खुर्चीपुढचा दांडा खाली ओढला की कुणालाच कुठे पळता येत नाही. बहुतेक म्हणूनच मी बोलले.

"जॉस. सकाळी तू सांगितलंस तसं झालं नव्हतं."

"कुठलं?"

"आधी ब्रेक मी मारला. तू मला बघून मारलास."

मी बोलत सुटले. गुडघ्यातली कळ, कडक झालेली वाट, तीनदा मोजलेला वेग, विन्स्लोला दिलेलं उत्तर, सगळं सांगितलं. खुर्ची एका खांबावरून खडखडत गेली तरी मी बोलतच होते.

"म्हणजे मला दोन आवाज ऐकू यायचे ते खरे होते," जॉस म्हणाली.

आता हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, टाळलं. मार्चमध्ये, पायाला प्लॅस्टर असताना, तिने मला विचारलं होतं की मावशी, मला सारखं आठवतं की खर्र आवाज दोनदा झाला, असं कसं? आणि मी म्हणाले होते, वाऱ्याचा असेल.

"तू म्हणालीस वाऱ्याचा," जॉस म्हणाली. "मग मी त्या फिजिओवाल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, धक्क्याने होतं असं, मेंदू गोंधळतो. मावशी, मला वर्षभर वाटत होतं माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय."

"नाही. तुझं डोकं ठीक आहे."

"मला माहितीये आता ठीक आहे." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी पोचले असते का? तू ब्रेक मारला नसतास तर?"

"आरामात."

"नक्की?"

"तिसऱ्या बांबूपासून? उताराच्या मधोमध. पकडीसकट."

तिने हेल्मेटवरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाली, "मी सॉरी म्हणाले तेव्हा तुला काय वाटलं? खरं सांग."

मी खरं सांगायला बसले होते, तर तेही सांगितलं. "वाटलं, सुटले. कुणी पाहिलं नाही."

"तेव्हा माझा पाय भलत्याच बाजूला वळलेला होता."

"हो."

उरलेला वेळ आम्ही दोघी समोरच्या खुर्चीची पाठ बघत बसलो. वर आल्यावर तिने दांडा उचलला, माझ्याआधी उतरली, आणि पोरं बर्फात बसून पट्टे आवळत होती तिथे जाऊन उभी राहिली. मला वाटलं होतं ती एकटीच खाली निघून जाईल. तिला अडवायचं नाही असंही मी ठरवलं होतं.

"ऐका रे," ती म्हणाली. "सकाळी मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं. मला चुकीचं माहीत होतं म्हणून. पुढच्याच्या पाठीकडे बघायचं हे बरोबर आहे, मी बघितलं होतं. मी अगदी सांगितलं तसंच केलं होतं. ब्रेक पुढच्याने मारला."

पोरं विचार करत होती. मग मेबल म्हणाली, "पण पुढे तर ह्या होत्या."

आठ हेल्मेटं माझ्याकडे वळली. जॉसही वळली. तिने माझं नाव घेतलं नाही. थांबून राहिली.

"मी होते," मी म्हणाले. "ब्रेक मी मारला. घाबरले मी. आणि हिला दोष लागला तो मी लागू दिला, वर्षभर."

कुणी हसलं नाही. पोरं असल्या वेळी मोठ्यांसारखी दुसरीकडे बघत नाहीत, सरळ तोंडाकडे बघतात. एक पोरगा म्हणाला, "पण मोठी माणसं पण घाबरतात?" मी हो म्हणाले. त्याला ते पटलं असावं, त्याने पुन्हा पट्टा ओढायला घेतला. मेबल मात्र अजून बघत होती.

"मग तुम्ही हिला सॉरी म्हणालात का?" तिने विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं. म्हणाले असेनच, असं मला वाटत होतं. मग लिफ्टवरची सात मिनिटं मनातल्या मनात पुन्हा चाळली. गुडघा सांगितला होता, वाट सांगितली होती, वेग, विन्स्लो, नॅडीनचं चीजसुद्धा सांगितलं होतं. का झालं आणि कसं झालं ह्यात काही म्हणता काही सोडलं नव्हतं. ते तेवढं म्हटलं नव्हतं. सतरा वर्षांची पोर मोडक्या पायाने बर्फात पडल्या पडल्या जे म्हणाली, ते मला वर्षभरात जमलं नव्हतं, लिफ्टवर दांड्याआड तिच्या शेजारी बसूनही जमलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

माझा एक पाय बोर्डला बांधलेला होता, तसाच ओढत मी तिच्यासमोर गेले. तिचा चष्मा वर नव्हता, डोळे दिसत नव्हते. त्या काचेत मीच दिसत होते, वाकडीतिकडी.

"जॉस, माझं चुकलं. मला माफ कर."

एका पोराने नाक ओढलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

एवढंच. मग ती वाकली, मेबलचा सैल पट्टा दोन खाचा आवळून दिला, आणि सरळ होऊन म्हणाली, "चला, उठा सगळे. माझ्या मागे." आठही पोरं उठली आणि एकेक करून तिच्या मागे लागली. मला कुणी काही सांगितलं नाही, म्हणून मी शेवटी गेले.